एक म्हणजे कोण?

"अहो, तुमच्या बायकोचं निधन झालंय म्हणे. वाचा." बाईंनी पत्र नवऱ्यापुढे धरलं.

दाढीचा ब्रश त्यांच्या गालावरच थांबला. पाच वर्षांपूर्वी बाईंच्या आतड्याच्या कर्करोगाचं ऑपरेशन झालं होतं. तेव्हापासून त्या ठणठणीत होत्या. हॉस्पिटलच्या संशोधन विभागाने मात्र यजमानांचं सांत्वन करून विचारलं होतं: मृत्यू कर्करोगाने की अन्य कारणाने? योग्य चौकोनात खूण करावी.

बाई निवृत्त गणितशिक्षिका. तासाभरात विभागात हजर.

"मी कधी गेले, तेवढं सांगा."

नोंदी ठेवणारी मुलगी पांढरीफटक पडली. "बाई, यादीत तुमच्यापुढे एक आहे. एक म्हणजे... मृत."

"कोण म्हणतं?" तिथेच बसलेले सर्जन ताडकन उठले. "आमच्या यादीत एक म्हणजे जिवंत!"

"आमच्या यादीत मृत," भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाई पुटपुटल्या. कोणत्या भुलीनंतर कर्करोगाचे रुग्ण जास्त जगतात हे शोधायला दोघांनी याद्या एकत्र केल्या होत्या. "तरीच! माझ्या भुलीने निम्मं गाव मेलेलं दिसत होतं. आठवडाभर जेवण गेलं नाही मला."

"आणि किती जगले, हे मोजता कुठून?" बाईंनी विचारलं.

"ऑपरेशनपासून," सर्जन म्हणाले.

"निदानापासून," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"म्हणजे एकाची पट्टी शून्यावर, दुसऱ्याची तीनवर! चौथीतली पोरं बरी." बाई मुलीकडे वळल्या. "ज्यांच्यापुढे शून्य आहे, त्यांना काय पाठवलंस?"

"प्रकृती उत्तम असल्याबद्दल... अभिनंदन."

"आमच्या यादीत शून्य म्हणजे मृत," सर्जन म्हणाले. बाईंना वाटलं, आपल्या घरी पत्र वाचून चिडायला माणूस तरी होतं. त्या घरांतून काय झालं असेल?

"फोन द्या इकडे. माफी मी मागते."

शून्यांपैकी पहिला नंबर त्यांनी लावला. एका आजोबांनी उचलला.

"हॉस्पिटलातून बोलतेय. आमची फार मोठी चूक झाली हो. तुमच्या मिसेस गेल्यावर असं पत्र यायला नको होतं..."

"गेली?" आजोबा किंचाळले. "अहो, आत्ता भाजी आणायला गेली होती! कुठे पडली? कशी?"

"नाही नाही! तशा नाही गेल्या!" बाई धडपडत उभ्या राहिल्या. "थांबा, रडू नका. अहो, ऐका तरी!"

ऐकायला तिकडे कुणी नव्हतं. नुसते हुंदके. मग दार वाजलं, पिशवी आपटल्याचा आवाज आला आणि एक खणखणीत स्वर कानावर आदळला.

"कोण बोलतंय? काय सांगितलंत यांना? हे माझ्या गळ्यात पडून रडतायत! चाळीस वर्षांत असं कधी केलं नाही यांनी!"

बाईंनी आवाज खाली आणला. "तुम्ही... तुम्ही बऱ्या आहात ना? एवढंच विचारायचं होतं."

"मी बरी आहे. यांना काय झालंय ते सांगा!"

बाईंनी फोनवर हात ठेवला. "हा नंबर माझ्या यादीतला. तिथे शून्य म्हणजे जिवंत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"लिही गं मुली," बाई म्हणाल्या. "आकडा नको. अक्षरात लिही: जिवंत."