दुपारी चारच्या आत विमान येत नाही

दत्तात्रय कर्णिक कलकत्त्याला गार्डन रीचच्या रेल्वे कचेरीत वेळापत्रकं बनवत. त्यामुळेच दुसऱ्या कुणी छापलेल्या वेळेवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. लंडनहून लेकीची, वैशालीची, तार आली, 'रविवारी सकाळी दहाला दमदम.' त्यांनी ती बाजूला ठेवली, भिंतीवरच्या जगाच्या नकाशावर लंडनपासून कलकत्त्यापर्यंत दोरा ताणला आणि पट्टीने मोजला.

"शनिवारी रात्री आपल्या दहाला सुटणार. सहा हजार मैल. ताशी पाचशे धरले तर बारा तास. मधे तासातासाचे दोन थांबे, पाणी भरायचं, माणसं बदलायची, शिवाय रखडपट्टीचे चार तास. दुपारी चारच्या आत विमान येत नाही."

"अहो, विमानवाल्यांना आपली वेळ ठाऊक नसेल का?" कालिंदीबाईंनी विचारलं.

"आम्हीही छापतोच की वेळा!"



दहा महिन्यांची नात पहिल्यांदाच येत होती. तिला आधी कोण उचलणार यावरून बेहालाचे व्याही श्यामराव आणि दत्तात्रय यांच्यात महिनाभर गोडीगुलाबीत लढाई चालली होती. श्यामराव बँकेतले, तार म्हणजे त्यांना ब्रह्मवाक्य. ते नऊलाच दमदमच्या विमानतळावर जाणार होते.

"जाऊ देत," दत्तात्रय खूश होऊन म्हणाले. "सात तास बाकावर बसून कंबर धरली की मग उचला म्हणावं नात!"

रविवारी बाराला त्यांनी सावकाश दाढी केली, नकाशापुढे उभे राहिले आणि म्हणाले, "आत्ता विमान इराणवर असेल."

तेवढ्यात खाली टॅक्सी थांबली. तिच्यातून श्यामराव उतरले, वैशाली उतरली आणि तिच्या कडेवर नात, टाहो फोडत.

"दहाला पाच कमी असतानाच उतरलं, बाबा," वैशाली जिन्यातूनच म्हणाली. नकाशावरचा दोरा पाहून तिला हसू आलं. "नकाशा सपाट आहे हो. पृथ्वी गोल असते."

 तीन वर्षांनी लेक आली आणि घ्यायला बाप नव्हता, हे दत्तात्रयांना फार लागलं.

नातीचा सूर मात्र खाली येईना. दमदमपासून श्यामरावांनी किल्ल्या वाजवल्या होत्या, घड्याळ दिलं होतं, माकडाचे आवाज काढले होते. कालिंदीबाईंनी घेतल्यावर ती आणखीच पेटली. शेवटी वैशालीने तिला आपल्या बाबांच्या हातात दिलं.

दत्तात्रयांना अंगाईगीत येत नव्हतं. त्यांनी पोरीला खांद्यावर टाकलं आणि जे येत होतं ते एका सुरात सुरू केलं. "हावडा... खडगपूर... टाटानगर... चक्रधरपूर..."

राउरकेल्याला नात हुंदक्यांवर आली. बिलासपूरला तिने अंगठा तोंडात घातला. गोंदियाला गाढ झोपली. दत्तात्रयांचे डोळे भरून आले, पण ते पुसायला हात मोकळा नव्हता.

 श्यामराव जवळ सरकून हळूच म्हणाले, "दत्तोपंत, आज रात्री ही आमच्याकडे असणार. एवढं जरा कागदावर लिहून द्याल?"

"देतो की."

"फक्त स्टेशनं हं. वेळा नकोत."