दिवसातून दोनदा भरती

सूटकेस आणतो म्हणून जालन्याला गेलेले पुंजारामराव संध्याकाळी कुंभार पिंपळगावात उतरले, ते पाठीवर एक आणि पोटावर एक अशा दोन हिरव्या सॅक लटकवून. स्टँडवरच्या हॉटेलातून कुणीतरी विचारलं, "साहेब, कोणतं औषध फवारून राह्यले?" आता पाठीवर ओझं दिसलं की आमच्या भागाला फवारणीचा पंपच आठवणार, त्याला कोण काय करील? पुंजारामरावांनी उत्तर दिलं नाही. (ते पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक होते, आणि फवारणी हे कृषी खात्याचं काम आहे.)

घरी बेबीनंदा दारातच उभी होती. "सूटकेस कुठंय?"

"सूटकेस धरायला हात लागतो. ही पाठीवर बसती. दुकानदार म्हणला, गोरे लोक अशा पिशव्या घेऊन समुद्राच्या कडंकडंनं पायी हिंडतात, गावोगाव मुक्काम करतात. आपण बी तसंच जायचं."

"पायी?"

"बिलकुल पायी."

झालं. एस.टी.नं जायचं, समुद्र बघायचा आणि तिसऱ्या दिवशी घरी यायचं, अशी साधी सरळ सहल ठरली होती. एका सूटकेसपायी तिची सहा दिवसांची पायपीट झाली.

बेबीनंदानं तिथल्या तिथं अट घातली, आणि ती काही उगाच नाही. लग्नाला वीस वर्षं झाली, त्यात नवऱ्यानं तिला दोनदा सहलीला नेलं होतं. एकदा अजिंठ्याला, तेही सोमवारी. (लेणी सोमवारी बंद असतात, हे "मला माहीत हाय" म्हणणाऱ्या माणसाला सांगणार कोण?) दुसऱ्यांदा नांदेडला, पण जालना स्टेशनात उलट्या दिशेच्या गाडीत बसल्यामुळं दर्शन घडलं ते मनमाडच्या फलाटाचं.

"ही तिसरी टाइम," ती म्हणाली. "आता घोळ झाला तर मंग मी तुमच्यासंग जन्मात कुठं येणार न्हाई. गिरिजाबाईच्या महिला मंडळाची बस जाती दरसाल, तिच्यात बसून जाईन."

पुंजारामराव हसले, पण ते बोलणं त्यांच्या मनाला लागलं. लग्नाच्या पहिल्या वर्षी कालव्याच्या भरावावर बसून बेबीनंदा म्हणाली होती, एवढं पाणी बघितलं की जिवाला बरं वाटतं. तेव्हापासून हिला समुद्र दाखवायचा, आणि आपणच दाखवायचा, हे त्यांनी मनात धरलं होतं. माणूस बोलून दाखवत नसला तरी बायकोवर त्याचा फार जीव होता. ती महिला मंडळाच्या बसमधून समुद्र बघून आली असती, तर गडी आतून पार खचला असता.

"काळजी करू नको," ते म्हणाले. "दुसरं एक वेळ चुकंल. पाण्यातलं मला कळतं. अठरा वर्षं पाणीच मोजून राह्यलो."

सत्त्याण्णवच्या जानेवारीत जालना, पुणे, चिपळूण करत दोघं कोकणात पोचले. शेवटच्या स्टॉपवर उतरून सुरूच्या झाडांतून पुढं आले आणि समोर उन्हात समुद्र. बेबीनंदा चपला हातात धरून उभीच राहिली. डोळ्यांत पाणी आलं, ते तिनं पुसलं नाही.

पुंजारामरावांनी डावीकडं पाहिलं, उजवीकडं पाहिलं. "रुंदी चांगली हाय," ते म्हणाले.

रात्री मालनबाई नावाच्या एका म्हातारीनं पडवीत जागा दिली. सकाळी चहा देताना ती म्हणाली, "वाळूनं जाताय तर लवकर निघा. अकरानंतर भरती हाय."

पुंजारामरावांनी बशी खाली ठेवली. "भरती? कुठं?"

"कुठं म्हंजे? समुद्रावर."

"आजच हाय का?"

"रोजच असते. दिवसातून दोनदा."

पुंजारामराव थक्क झाले. बायकोकडं वळून म्हणाले, "ऐकलंस का? आपल्याकडची पोरं तीन-तीन वर्षं ग्राउंडवर पळून राह्यली, तवा कुठं एक पोलीस भरती निघती. आन् हितं दिवसातून दोनदा."

"मला वाटतं त्या दुसरंच काहीतरी सांगून राह्यल्या," बेबीनंदा हळूच म्हणाली.

"मला माहीत हाय." मग मालनबाईला दिलासा देत ते म्हणाले, "आम्हाला भरतीचं काय न्हाई, आजी. माझं वय गेलं."

म्हातारीनं त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "वयाचं काय त्यात? भरती लहानथोर बघत नाय."

(वयाची अटसुद्धा नाही. कोकणाबद्दल पुंजारामरावांचा आदर दुप्पट झाला.)

सॅक पाठीवर टाकून दोघं निघाले. ओल्या घट्ट वाळूवरून चालायला मोठी मजा येत होती. बेबीनंदा लहान मुलीसारखी पाण्याच्या कडेकडेनं चालत होती, मधेच मागं वळून आपल्याच पावलांचे ठसे बघत होती. वाटेत खडकांवर पाचसहा बायका बसून काहीतरी टोकरत होत्या. पुंजारामरावांनी विचारपूस केली.

"कालवं काढतो," एकजण म्हणाली. "भरतीच्या आधी काढून मोकळं व्हायचं."

(कालवं म्हणजे खडकाला चिकटलेले शिंपले. आतलं मांस कोकणात चवीनं खातात. पण पुंजारामरावांना कालवा एकच ठाऊक, जायकवाडीचा डावा.)

त्यांनी त्या बायकांच्या हातातल्या वीतभर कोयत्यांकडं पाहिलं. "ह्याच्यानं? मशिनरी न्हाई?"

"मशिनरी कशाला? रोज दोन टोपल्या निघतात."

कालव्याचं माप टोपलीत ऐकून ते सॅक सावरून चालायला लागले. बेबीनंदा मात्र त्या बायकांत जाऊन बसली, त्यांच्याशी बोलायला लागली. "तुम्ही व्हा पुढं, मी आलेच," ती म्हणाली.

पुंजारामराव फर्लांगभर पुढं जाऊन वाळूत टेकले. आणि सवयीप्रमाणं (हाडाचा कालवा निरीक्षक, पाणी दिसलं की हात शिवशिवणारच) त्यांनी पाण्याच्या कडेला एक काठी रोवली. सिगारेट पेटवली, विझवली. बघतात तो काठी पाण्यात. मागं सरकून दुसरी रोवली. तीही गेली. घड्याळ बघितलं, पावलं मोजली. अर्ध्या तासात वीस पावलं. वर पाहिलं, तर शंभर पावलांवर वाडीतलं पहिलं घर.

गोदाकाठच्या माणसाला पुराची रीत माहीत असते. पाऊस तिकडं नाशकात पडतो, दरवाजे तिकडं वर उघडतात, आणि आपल्याकडं लख्ख उन्हात पाणी चढतं. इथंही ऊन लख्खच होतं. त्यांनी लांबूनच बायकोला हात करून वर जायची खूण केली. तिनंही हसून हात हलवला. मग सॅक तिथंच टाकून ते वाडीकडं धावत सुटले.

वाडी जेवून आडवी झाली होती. पुंजारामरावांनी दहा दारं वाजवली. माणसं डोळे चोळत बाहेर आली. जाळं दुरुस्त करत बसलेला वसंता नावाचा कोळी उठून पुढं झाला.

"काय झालं, भाऊ?"

"पाणी सुटलंय. जल्दी घरं खाली करा. लेकरं, ढोरं वर टेकडीवर न्या."

"कुठलं पाणी?"

"समुद्राचं. अर्ध्या तासाला वीस पावलं. माझा हिशोब बराबर हाय, तीन वाजेपर्यंत तुमच्या चुलीत पाणी."

वसंतानं एकदा समुद्राकडं पाहिलं, एकदा त्यांच्याकडं. चेहरा अगदी गंभीर. "मग आता?"

"वर धरण कोणतं हाय तुमच्या?"

"धरण नाय."

"मंग हे पाणी सोडलं कुणी?"

वसंतानं बोट आकाशाकडं केलं. "चंद्रानं."

"चंद्र? कोणत्या डिव्हिजनचे? पूर्ण नाव सांगा, मी बोलतो साहेबांशी."

त्यावर वाडीचा बांध फुटला. माणसं ओट्यावर बसली, बायका एकमेकींच्या अंगावर पडल्या, एक म्हातारा हसता हसता खोकायला लागला. त्या गदारोळात पुंजारामरावांना चौथीचं भूगोलाचं पुस्तक आठवलं. 'भरती आणि ओहोटी.' रिकाम्या जागा भरा. त्यांनी तेव्हाही चंद्राच्या जागी सूर्य भरला होता.

इतक्यात बेबीनंदा आली. स्वतःची सॅक पाठीवर, नवऱ्याची पोटावर. त्या बायकांनी तिला भरती कधीच समजावून सांगितली होती. पुंजारामरावांना वाडीचं हसणं सोसवलं. बायकोच्या तोंडाकडं बघायचा धीर होईना. तिसरी सहलही गेली, हे त्यांना कळून चुकलं.

बेबीनंदानं वसंताकडून सगळं ऐकून घेतलं. चंद्रापर्यंत आली आणि मटकन खालीच बसली. पदर तोंडात धरून ती जी हसायला लागली, ती डोळ्यांतून पाणी येईतो. वीस वर्षांत पुंजारामरावांनी तिला असं हसताना पाहिलं नव्हतं.

वाडीनं त्यांना सोडलं नाही. वसंताच्या घरी भात आणि माशांचं कालवण झालं, मुक्काम झाला. दुसऱ्या दिवशी पुढच्या वाडीत पोचले तर तिथं लोक वाटच बघत होते. "कालवेवाले साहेब तुम्हीच ना? या, बसा. आज पाणी कितीपर्यंत येईल?" पुढं पाचही दिवस हेच. कुठं मुक्कामाची जागा शोधावी लागली नाही, कुठं चहा चुकला नाही, सगळीकडं शहाळी आणि हसणं. चौथ्या वाडीपर्यंत गोष्टीत पुंजारामरावांनी दोन म्हशीही टेकडीवर चढवल्या होत्या. सुरुवातीला ते चिडले, पण पाचव्या दिवशी स्वतःच सांगायला लागले. म्हशी त्यांनी चार केल्या.

परतीच्या एस.टी.ची वाट बघत दोघं स्टँडवर बसले होते. बेबीनंदाचं नाक उन्हानं रापलं होतं आणि नजर अजून समुद्रावरच होती. पुंजारामरावांनी घसा साफ केला.

"मंग, पुढच्या साली गिरिजाबाईच्या बसनं?"

"न्हाई," ती म्हणाली. "तुमच्यासंगच येईन."

पुंजारामरावांना इतका आनंद झाला की त्यांनी दोन्ही सॅक उचलून परत खाली ठेवल्या.

"पण एक अट हाय. जिथलं तुम्हाला काहीच माहीत न्हाई, तिथंच जायचं."

पुंजारामरावांनी बराच वेळ डोकं खाजवलं. "अशी जागा आता कुठं शोधायची?"

"शोधायची कशाला?" बेबीनंदा म्हणाली. "सगळं जग मोकळं पडलंय."