मिक्स गाडीतला प्रवासी

इथे परदेशात, क्लेमेंटीत, आमच्या अगदी समोरच्या फ्लॅटमध्ये राहणारे दळवीकाका माणसांची चाकं बघतात. ओळख झाली त्या दिवशी नावगाव विचारायच्या आधीच त्यांनी मला पायापासून न्याहाळलं आणि म्हणाले, "तुझं चाक मोठं आहे. धावशील झकास, पण ओझं ओढायला लावलं की जागच्या जागी घसरशील." माझ्या दोन्ही हातांत तांदळाच्या पिशव्या होत्या. त्यातली एक घ्यावी, हे काही त्यांना सुचलं नाही.

काका जन्मभर जहाजावर होते, चीफ इंजिनियर म्हणून रिटायर झाले. पण समुद्राबद्दल अवाक्षर काढत नाहीत. जीव सगळा जर्मनीतल्या फार जुन्या वाफेच्या इंजिनांवर, त्यातही एकाच जातीच्या. पॅसेंजरच्या इंजिनाची चाकं उंच, मालगाडीच्या इंजिनाची बुटकी, आणि प्रवासी नि माल दोन्ही ओढणाऱ्या मिक्स गाडीच्या इंजिनाची मधली. "चाक मधलं हवं," हे त्यांचं सगळ्यावरचं उत्तर. डाळ शिजली नाही, चाक मधलं हवं. माझ्या बहिणीचं लग्न मोडलं, तेव्हाही तेच. मी पुष्कळ दिवस त्यांच्याशी बोलले नाही.

तसलं एक इंजिन त्यांनी स्वतः पितळेत घडवलंय, चांगलं मांजराएवढं. स्वयंपाकघरातून निघालेले रूळ थेट सुलूकाकूंच्या पलंगाशी जातात. इंजिन खऱ्या वाफेवर चालतं, म्हणजे खाली स्पिरिट जळतं, आणि शेजारची चिनी आंटी दाराशी येऊन ओरडते, "अंकल, समथिंग बर्निंग लाह!"

"येस येस," काका शांतपणे सांगतात, "ट्रेन लीव्हिंग."

मागे दोन डबे. मालडब्यात काकूंच्या गोळ्या. प्रवासी डब्यात बोटभर लाकडी माणूस, जहाजावरचा पांढरा युनिफॉर्म, डोक्यावर टोपी.

"हा कशाला?" मी एकदा विचारलं.

"प्रवासी नसला तर ती नुसती मालगाडी झाली," काका तुटकपणे म्हणाले. मग इंजिनाला तेल घालता घालता खालच्या आवाजात बोलले, "मी बंदराबंदरातून घरी पार्सलं पाठवायचो. साड्या, मिक्सर, काय काय. फोनवर सुलू दर वेळी म्हणायची, सामान पोचलं, माणूस कधी पोचणार?"

काकूंना आता कुणीच ओळखू येत नाही. काका म्हणजे घरात कामाला ठेवलेला कुणी भला माणूस, असं त्या समजतात आणि त्यांना भाऊ म्हणतात. काकांनी हाताने गोळ्या दिल्या तर भिरकावतात, गाडीने आलेल्या मात्र मुकाट घेतात. "तिनं एकदाच मला 'आलात?' म्हणावं," काका म्हणायचे. "मग माझं इंजिन भंगारात गेलं तरी चालेल."

परवा रविवारी मी साखरभात द्यायला गेले, तेव्हा गाडी नुकतीच सुटत होती. फुसफुसत ती पलंगाशी जाऊन थांबली. काकूंनी गोळ्यांकडे पाहिलंच नाही. त्यांनी तो लाकडी माणूस उचलला, त्याच्या टोपीवरून बोट फिरवलं, आणि त्यांचा चेहरा असा काही उजळला!

"आलात?" त्या म्हणाल्या.

काकांच्या हातातली तेलाची बुधली खाली पडली. "आलो गं," म्हणत ते पलंगाकडे धावले.

काकू दचकल्या. त्यांनी अंगावरची चादर गळ्यापर्यंत ओढून घेतली. "भाऊ, तुम्ही जरा बाहेर थांबता का?" त्या संकोचून म्हणाल्या. "आमचे हे आलेत."

काका खरंच बाहेर आले. अनवाणीच, कॉरिडॉरमधल्या कुंड्यांशेजारी उभे राहिले. मला रडू येत होतं आणि त्या बोटभर लाकडाचा भयंकर रागही. "काका, आत जा हो," मी म्हटलं, "घर तुमचं आहे."

त्यांनी दार हळूच लोटून घेतलं.

"नको," ते म्हणाले. "किती वर्षांनी भेटतायत ती दोघं."