जाड्या पुस्तकाचं अकरावं प्रकरण

ऑफिसात फोन सारखे वाजतात म्हणून पुस्तकं घरी नेऊन बघावीत, एवढा साधा निर्णय जांभईकरांनी घेतला. जांभईकर हे काही त्यांचं खरं आडनाव नव्हे. पण मिटिंगमध्ये त्यांचं तोंड उघडतं ते बोलायला नव्हे, हे सगळ्यांच्या लक्षात आलं आणि तेव्हापासून हेच नाव चिकटलं. नव्या लोकांना तर तेच खरं वाटायचं. (दुरुस्त करायचं म्हणजे पुन्हा बोलणं आलं, म्हणून तेही गप्प.)

वीजबिलं काढणारे प्रोग्राम लिहिणं हे त्यांचं काम. जुन्या भाषेवर हात इतका बसला होता, की अर्धं काम डोळे मिटून होई. अशात त्यांच्या मॅडम कुठल्याशा परिषदेला जाऊन आल्या आणि सगळ्यांनी प्रोग्राम लिहायची नवी, 'फंक्शनल' म्हणतात त्या पद्धतीची भाषा शिकायची असं ठरलं.

"शिकवायला बाहेरून कोणी येणार नाही," मॅडम म्हणाल्या. "ज्याने त्याने आपल्या टेबलावर पुस्तक वाचायचं. ही चार पुस्तकं आहेत. नवशिक्याला यातलं कुठलं बरं, ते तुम्ही सांगा. आणि नीट निवडा हं. वाचून कळलं नाही, तर रोज सकाळी ऑफिसच्या आधी तासभर वर्ग ठेवावा लागेल. ज्याने पुस्तक निवडलं, तोच वर्ग घेईल."

सकाळची झोप हीच काय ती जांभईकरांची चैन होती. ती गेली तर उरलं काय?

तेव्हा पुस्तक असं हवं, की जे स्वतःच शिकवेल. चारही पुस्तकं पिशवीत घालून, एक खांदा वर आणि एक खाली अशा अवस्थेत ते घरी आले.

"हे काय? कामाचे दगड आता घरी आणायला लागलात?" बायकोने विचारलं.

"पुस्तकं आहेत. नव्या भाषेची."

"जुनीत तरी तुम्ही कुठे बोलता?"

जांभईकरांनी सोफा गाठला. पुस्तकं पारखायची एक पद्धत त्यांनी वाटेतच योजून ठेवली होती. रोज संध्याकाळी एकेक पुस्तक थोडं थोडं वाचायचं. जिथे डोळा लागेल तिथे कागदाची पट्टी घालायची. ज्या पुस्तकात आपण सगळ्यात लांबवर जाऊ, ते सोपं. माणसाचं मत इकडेतिकडे होईल, पापण्यांचं होत नाही.

पद्धत शास्त्रशुद्ध होती. अडचण इतकीच, की पापण्या मिटल्या की वाचलेलंही पुसलं जाई.

चारांपैकी एकावर शिडीचं चित्र होतं. त्यात खूप उदाहरणं होती आणि उत्तर एकाचंही नव्हतं. एकावर किटली होती, आणि लेखक पानोपानी विनोद करत होता. एक इतकं बारीक छापलेलं, की मुंग्यांची रांग वाटावी. चौथं नुसतंच जाड. त्यावर चित्रही नव्हतं. बहुधा चित्रकाराचं धाडस झालं नसावं.

एकदा बायकोने भाजी निवडता निवडता विचारलं, "एवढं काय असतं हो त्या भाषेत?"

"असं बघ," जांभईकर उठून बसले. (घरात कोणी काही विचारलं, याचंच त्यांना अप्रूप.) "एका डब्यात एकदा साखर भरली, की तो डबा कायमचा तसाच. त्यात बदल करायचा नाही."

"आणि दोन चमचे काढले तर?"

"काढायचे नाहीत. दोन चमचे कमी साखर असलेला नवा डबा करायचा."

"आणि जुना?"

"जुना राहतो तसाच."

"म्हणजे ओट्यावर डबेच डबे! ते आवरायचे कोणी?"

"त्याची सोय असते ना. जे डबे कोणाला लागत नाहीत, ते मागच्या मागे कोणीतरी गुपचूप उचलून नेतं. आपल्याला कळतही नाही."

बायकोने भाजीची सुरी खाली ठेवली. "तुम्हाला कळत नाही हे खरं. ते कोणीतरी इथे तुमच्यासमोर बसलंय."

जांभईकरांनी घाईने विषय बदलला. "आणखी एक गंमत आहे. काही ठिकाणी, कोणी उत्तर मागेपर्यंत काम सुरूच करायचं नाही."

"मग तुम्हाला पुस्तक कशाला हवं? लिहा की तुम्हीच एक!"

आतल्या खोलीतून खाकरण्याचा आवाज आला. ते सासरे. त्यांच्या घराला रंग लावायचं काम चालू होतं, म्हणून ते मुलीकडे राहायला आले होते. पोस्टातून निवृत्त झाल्यापासून त्यांची दुपारची झोप उडाली होती. नोकरीत असताना खुर्चीत लागायची, आता गादीवर लागत नव्हती. दुपारभर ते घरात येरझाऱ्या घालत आणि दिसेल ते वाचत, औषधाच्या बाटलीवरच्या सूचनासुद्धा.

"जावईबापू," ते बाहेर येऊन म्हणाले, "ते किटलीचं पुस्तक काही खरं नाही हो. जाडं मात्र फार छान आहे."

"तुम्ही वाचलंत?" जांभईकर चकित झाले.

"रोज. त्याच्याशिवाय दुपार जात नाही."

का छान, कसं छान, हे विचारायला हवं होतं. पण विचारलं की ऐकावं लागतं, आणि जांभईकर ऑफिसात दिवसभर ऐकून आले होते. त्यांनी "वा वा" म्हणून मान मागे टेकली.

अहवाल द्यायच्या दिवशी त्यांनी चारही पुस्तकं मांडून पट्ट्या पाहिल्या. शिडीवालं पुस्तक, दुसरं प्रकरण. मुंग्यांचं, प्रस्तावना. किटली, चौथं. आणि जाडं... अकरावं! जांभईकरांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. अकरावंच. आपण त्या डोंगरावर इतके वर चढलो? त्यातलं एक अक्षर आठवत नव्हतं, पण आठवत तर चारांतलंही नव्हतं. पट्टी काही उगाच तिथे जाणार नाही. शिवाय एका निवृत्त पोस्ट-मास्तरांना ते आवडलं होतं.

त्यांनी अहवालात लिहिलं, 'मी स्वतः अकराव्या प्रकरणापर्यंत पोचलो. वाचक या पुस्तकात कधी पुढे जातो, ते त्याचं त्यालाही कळत नाही.'

जाडी पुस्तकं सगळ्या टेबलांवर आली. पुढचे काही दिवस ऑफिसात विलक्षण शांतता होती. जांभईकरांना वाटलं, लोक गढून गेलेत. मग शेजारच्या टेबलावरचा सहकारी पुस्तक घेऊन आला.

"जांभईकर, हे तिसरं पान बघा. हा माणूस दोन आणि दोन चार म्हणायच्या आधी बेरीज म्हणजे काय ते विचारतोय. पुढे काय होतं?"

"पुढे... सोपं होत जातं," जांभईकर म्हणाले. सोपं होत नसतं तर ते अकराव्या प्रकरणापर्यंत गेलेच नसते.

तिसऱ्या पानापुढे कोणीच गेलं नाही. शेवटी मॅडमनी बोलावलं. "सोमवारपासून वर्ग. तुम्ही अकरा प्रकरणं वाचलीत, आता त्यांना चढवा."

घरी येऊन जांभईकरांनी जाडं पुस्तक पट्टीच्या जागी उघडलं. ते पान त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं. ते तसेच सासऱ्यांकडे गेले.

"दादा, ही पट्टी...?"

"ती होय! तुमची पट्टी तिसऱ्या पानाशी होती. पुस्तक आडवं धरलं की घसरून तोंडावर पडायची आणि झोपमोड व्हायची. म्हणून मी ती मधोमध खोचून टाकली. आता हलत नाही."

"झोपमोड?"

"अहो, म्हणून तर छान म्हटलं! दीड पान वाचलं की डोळे मिटतात. त्या किटलीवाल्याने मात्र वाट लावली. एकदा हातात घेतलं तर दुपारभर वाचतच बसलो. सगळं कळत गेलं, झोप येणार कशी?"

बायको दारात उभी होती. पदर तोंडाला लावून ती घाईघाईने स्वयंपाकघरात गेली. तिथून बराच वेळ भांडी पडल्याचा आवाज येत होता.

"मॅडमना सांगून पुस्तक बदलून घ्या," ती नंतर म्हणाली.

"काय सांगू? की सासऱ्यांनी पट्टी हलवली?"

सोमवारी, ज्या वेळी त्यांनी कुशीवर वळायचं, त्या वेळी जांभईकर फळ्यापुढे उभे होते. समोर सगळं ऑफिस, आणि मॅडम पहिल्या रांगेत. त्यांनी पहिलं पान वाचायला घेतलं. दुसऱ्या पानावर मागची रांग गेली. तिसऱ्यावर मधली. बेरीज म्हणजे काय हा प्रश्न आला, तेव्हा मॅडमची मान हळूच खांद्यावर टेकली. अख्ख्या खोलीत जागा असा एकच माणूस उरला, आणि बसायला खुर्ची नसलेलाही तोच. ते थांबले, तर सगळे दचकून जागे झाले आणि त्यांच्याकडे पाहायला लागले. म्हणून त्यांनी पुन्हा वाचायला सुरुवात केली आणि तास संपेपर्यंत थांबले नाहीत.

आठवडाभर हेच चाललं. शनिवारी मॅडमनी त्यांना केबिनमध्ये बोलावलं. आज आपलं पितळ उघडं पडलं, सुटलो एकदाचे, अशा आशेने जांभईकर आत गेले.

"इतकी वर्षं मिटिंगा घेतेय," मॅडम प्रसन्न चेहऱ्याने म्हणाल्या, "पण माणसं इतकी टवटवीत होऊन बाहेर पडताना मी कधी पाहिली नाहीत. कामाचा झपाटाच वाढलाय. हा वर्ग आता कायमचा ठेवू."

जांभईकर जायला वळले.

"फक्त एकच सूचना आहे," त्या म्हणाल्या. "तुम्ही जरा हळू आवाजात शिकवत जा."