गंगाक्कांची जाड टायरची सायकल

गंगाक्का रोज सकाळी सायकलच्या बॅटरीवर उलटा हात ठेवून तिला ताप आहे का ते बघतात. चार्जिंगनंतर बॅटरी कोमट जरी लागली तरी ती गार होईस्तोवर सायकल अंगणाबाहेर निघत नाही. मग कुणाच्या लग्नाचा मुहूर्त टळला तरी चालेल.

नळदुर्गात आमच्या भिंतीला भिंत लावून त्यांचं घर आहे. पस्तीस वर्षं त्या आरोग्य उपकेंद्रात नर्स होत्या. आता निवृत्त आहेत, पण हे त्यांना कुणी सांगितलेलं दिसत नाही. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगी लग्न होऊन कर्नाटकात गेली. कुठल्याही अडचणीवर त्यांचं एकच वाक्य ठरलेलं: “आधी तपासणी, मग उपचार.” आमटी आळणी होवो की सासूसुनेचं वाजो, आधी तपासणी.

गेल्या वर्षी पोळ्याच्या सुमारास त्यांच्या दारात टेम्पोनं भलंमोठं खोकं उतरवलं. गल्लीला वाटलं, फ्रिज. निघाली विजेवर चालणारी सायकल, आणि तिचे टायर मांडीएवढे जाड! समोरचा बिभीषण मोटरसायकलवर बसल्या बसल्या म्हणाला, “आक्का, ही सायकल हाय का गाभण म्हैस?”

“गाभणच हाय,” आक्का म्हणाल्या. “दारात गर्दी करू नका. तिला त्रास होतो.”

जोडणीला मला बोलावलं. मी शाळामास्तर, त्यामुळं मला सगळं येतं असा माझा समज. मी झपाट्यानं पुढचं चाक बसवलं, हँडल आवळलं आणि घाम पुसला. आक्का चष्मा लावून एकदा पुस्तकातल्या चित्राकडं, एकदा सायकलकडं बघत होत्या.

“गुरुजी, मूल पायाळू हाय.”

“म्हणजे?”

“चित्रात ब्रेकची चकती डावीकडं हाय. तुमी उजवीकडं काढलीय.”

पुढचं चाक ज्यात बसतं तो चिमटाच मी उलटा फिरवला होता. सगळं सोडवून पुन्हा जोडलं. मग पॅडल. एक आत जाईना म्हणून मी पान्याला लोंबकळलो, तेव्हा आक्कांनी माझा दंड धरला. “जोर लावायचा न्हाय. पस्तीस वर्षं बायकांना तेच सांगत आले.” त्यांनी पॅडलवरचं बारीक इंग्रजी अक्षर वाचलं. ते डावं पॅडल होतं, त्याचे आटे उलटे, आणि मी ते उजवीकडं कोंबत होतो. त्यांनी ते डावीकडं नेलं आणि दोन बोटांनी उलटं फिरवत अलगद बसवलं. एवढ्यात माझी तेलकट बोटं ब्रेकच्या चकतीला लागली. आक्कांनी लगेच स्पिरिटचा बोळा काढून ती पुसली. तेल लागलं की ब्रेक धरत नाही, हे त्यांनी माहितीपुस्तकात वाचलं होतं. मला मात्र म्हणाल्या, “आता हात लावलात तर सुई टोचीन.”

पहिल्या दिवशी पंक्चरवाल्यानं मोटरसायकलच्या हिशोबानं दाबून हवा भरली. आक्का चौकापर्यंत अशा उसळत गेल्या की उधळलेलं वासरू बरं. परत आल्या आणि हवेचा दाब मोजायचं यंत्रच मागवलं. तेव्हापासून पक्क्या रस्त्याला वीस, रानात बारा, हे प्रमाण ठरलं. शनिवारी साखळीला तेल आणि सगळ्या नटांची तपासणी. पावसाळा लागला की दोन्ही मडगार्ड काढून माळ्यावर. दर गुरुवारी मात्र त्या सकाळीच कुठंतरी निघून जायच्या. विचारलं की म्हणायच्या, “व्हिजिटला.” निवृत्त बाई कुणाकडं व्हिजिटला जाते, ते काही कळत नव्हतं.

यंदा भाद्रपदात ते कळलं. त्याच आठवड्यात माझी चार किलोमीटरवरच्या वस्तीवरच्या शाळेत बदली झाली होती. रस्ता म्हणजे काळ्या मातीची पाणंद. बिभीषणचं रान त्याच वाटेवर, म्हणून गुरुवारी मी त्याच्या मागं बसलो. निम्म्यात मडगार्डमध्ये चिखल असा गच्च बसला की मोटरसायकलचं चाकच फिरेना. आम्ही काडीनं चिखल उकरत असताना मागून घंटी वाजली. आक्का! साडीचा ओचा खोचलेला, डोक्याला प्लॅस्टिकची टोपी.

“माघारी फिरा, आक्का,” बिभीषण ओरडला. “काल हितं ट्रॅक्टर फसलाय!”

आक्का उतरल्या. दोन्ही टायरची थोडी थोडी हवा सोडली, यंत्र लावून बघितलं. काठीनं चिखल चाचपला. मग सगळ्यात हलका गिअर घालून बसल्या आणि घाई न करता पॅडल मारत निघाल्या. मोटर घूं घूं करत होती. जाड टायर चिखलावर पसरत होते. सायकल एकदा डावीकडं सरकली. आक्कांनी ब्रेक दाबला नाही, पाय टेकला नाही. गुळगुळीत चिखलाचा तो अख्खा पट्टा त्यांनी पार केला आणि पलीकडच्या मुरमावर चढून एकदाच घंटी वाजवली. त्यांच्या पाठीवर मानेपर्यंत चिखल उडाला होता.

बिभीषणनं डोक्यावरचा टॉवेल काढून हवेत फिरवला. “म्हैस पार झाली! लई भारी, आक्का!” आपली गाडी तिथंच रुतून आहे, हे त्याच्या ध्यानातही नव्हतं.

मी चपला हातात घेऊन अनवाणी वस्तीवर पोचलो. पहिल्याच घरापुढं सायकल उभी होती. आक्का मागच्या कॅरिअरवर जाड गादी बांधत होत्या. खाली पाय ठेवायला दोन्ही बाजूंना लोखंडी दांड्या बसवलेल्या. उंबऱ्यावर रुक्मिणमावशी बसल्या होत्या, उपकेंद्राच्या जुन्या मदतनीस. गुडघे गेल्यापासून त्यांनी ओटा सोडला नव्हता.

“मी न्हाय बाई बसायची,” मावशी म्हणत होत्या. “पडले म्हंजी?”

“पन्नास किलो ज्वारी बांधून किल्ल्यापर्यंत जाऊन आलेय. पोतं पडलं न्हाय, तू कशी पडशील? ऊठ रुक्मे.”

मी आणि आक्कांनी धरून मावशींना बसवलं. मग मला उद्देशून आक्का म्हणाल्या, “गुरुजी, वर्षभर गुरुवारी हिच्यापाशी येऊन बसते. माझ्या घरी बोलायचं कुणाशी? पण हिचा जीव ओट्यावर लागत न्हाय. हितली निम्मी पोरं आमच्या हातावर जन्मली. पाऊस असो, काळोख असो, माझी पेटी हिनं डोक्यावर घेतली आणि माझ्यासंगं चालली.”

सायकल हलली. मावशींनी आक्कांच्या कमरेला दोन्ही हातांनी मिठी मारली. दारादारांतून बायका बाहेर आल्या. कुणी कडेवरचं पोर वर करून दाखवलं, कुणी हाक मारली, “मावशी, नर्सबाई आली व्हय घ्यायला?” मावशी आधी डोळे मिटून होत्या. मग एक डोळा उघडला. मग दोन्ही. मग सरपंचासारखा हात हलवायला लागल्या.

मी मागोमाग चालत होतो, आणि सहज बरोबर राहत होतो. इतकी दणकट सायकल, आणि वेग माणसाच्या चालीचा!

मावशींचीही भीती आता पार गेली होती. “बाई,” त्या आक्कांच्या कानाशी ओरडल्या, “जरा पळीव की!”

“न्हाय,” आक्का म्हणाल्या. “तुझ्यासंगं या वाटेनं मी कधी पळाले न्हाय.”