पाच होळ्यांची पाणपोई

माझा मावसभाऊ बापू कुठलीही गोष्ट हाती घेण्याआधी एकच प्रश्न विचारायचा, "कितला वरीसनं शे?" म्हणजे हे काम किती वर्षांचं? ओठांवर लव फुटली तेव्हा न्हाव्याने विचारलं, मिशी ठेवायची का? बापूने त्यालाही हाच प्रश्न टाकला. न्हाव्याला उत्तर सुचेना, म्हणून मिशी गेली.

आम्ही दोघं तापीकाठच्या एकाच गावचे. नंदुरबारच्या इंग्रजी शाळेत शिकायला एकाच खोलीत राहत होतो. बापूला आई नव्हती आणि बापाने दुसरा संसार मांडला होता. त्यामुळे सुटीतसुद्धा तो आमच्याच घरी यायचा.

आम्ही इंग्रजी चौथीत गेलो, म्हणजे मॅट्रिकला चार वर्षं उरली, त्या वर्षी हेडमास्तरांनी फर्मान काढलं. प्रत्येक विद्यार्थ्याने अभ्यासाबाहेरचं एखादं काम किंवा सेवा निवडावी आणि मॅट्रिकपर्यंत ती सोडू नये. मी त्याच दिवशी लेझीम, नाटक, वक्तृत्व, सूतकताई आणि रुग्णसेवा अशी सगळीकडे नावं दिली. लेझीम पावसाळ्यात सुटली, कारण हलगीचं आणि माझ्या पायांचं पटेना. नाटकात द्वारपाल झालो आणि भाला टेकून उभ्या उभ्या झोपलो. माझ्या टकळीवर जे निघे त्याला सूत म्हणायला मास्तर तयार नव्हते. रुग्णसेवेत पहिल्याच माणसाची जखम पाहिली आणि त्याच्या शेजारी मलाच आडवं करावं लागलं. वक्तृत्व मात्र टिकलं. त्याला करावं काहीच लागत नाही.

बापूने महिनाभर नाव दिलं नाही. त्याच्या डोक्यात डोंगरातल्या काठी गावची होळी घोळत होती. आमचे मामा मोलगीच्या बाजारात गूळ विकायचे. त्यांच्याबरोबर आम्ही त्या वर्षी होळीला काठीला गेलो होतो. तिथे कमरेला सुके भोपळे आणि घुंगरं बांधून नाचणारे नवसाचे लोक बापूने पाहिले. त्यातल्या एकाला त्याने आपला प्रश्न विचारला. त्याने पंजा दाखवला. पाच होळ्या. होळीआधीचे दिवस खाटेवर निजायचं नाही, पायात काही घालायचं नाही, आपलं अन्न आपण शिजवायचं, आणि मध्येच सोडायचं नाही.

"याले म्हनतस काम," बापू म्हणाला.

अखेर त्याने हेडमास्तरांना सांगितलं की तो बाजाराच्या दिवशी डोंगरातून येणाऱ्या लोकांसाठी रस्त्यावर पाणपोई चालवील. हेडमास्तर खूश झाले. पण बापूने शाळेच्या सेवेला काठीच्या नवसाचे सगळे नियम लावले, आणि तेही होळीपुरते नव्हे, बारमास. खाट सोडली, वहाणा सोडल्या, वेगळी चूल मांडली. अनवाणी पोरगा वर्गात पाहून हेडमास्तरांनी त्याला समजावलं, "अरे, सेवा आहे ही, नवस नाही."

"नवसबी शे," बापू म्हणाला. कसला, ते मात्र सांगेना. फेडल्याशिवाय तोंड उघडायचं नाही, असाही एक नियम होता म्हणे. तो त्याने स्वतःच घातला असावा.

माझं काही बिघडलं नाही. त्याची खाट मला सामान टाकायला मिळाली आणि त्याच्या चुलीवरची खिचडी माझ्या खिचडीपेक्षा बरी असल्याने मी तीच खात असे.

दर दिवाळीला माझे वडील म्हणायचे, "बस झाई शाळा. औत कोन धरी?" खरं सांगायचं तर औताचीही मला दोन दिवस भुरळ पडे. एका दिवाळीनंतर मला गावी परत न्यायला गाडी खोलीवर आली, तेव्हा मी ट्रंक भरूनही ठेवली होती. बापू ट्रंकेवर जाऊन बसला, तो गाडीवान कंटाळून परत जाईपर्यंत उठला नाही.

अशा रीतीने मी मॅट्रिक झालो. "सर्व उपक्रमांत हौसेने भाग घेतला," असा दाखला हेडमास्तरांनी मला दिला. किती दिवस घेतला, हे लिहिलं नाही, हा त्यांचा मोठेपणा. बापूही पास झाला. पण त्याच्या चारच होळ्या झाल्या होत्या. धुळ्याच्या कचेरीत कारकुनी चालून आली, तर हा म्हणाला, "येती होळी व्हऊ द्या." कचेरी होळीसाठी थांबली नाही. सगळ्या गावाने त्याला वेड्यात काढलं. मीही काढलं आणि पुण्याला कॉलेजात निघून गेलो.

शिमग्याच्या सुटीत आलो तो थेट पाणपोईवर गेलो. आदल्या दिवशी पाचवी होळी पेटली होती. बापू विहिरीवर पाणी शेंदत होता.

"आता तरी सांग," मी म्हणालो. "नवस काय होता?"

"तू काही धरी ठेवस का?" तो दोर न सोडता म्हणाला. "माले धास्ती व्हती, एक दिन शाळाबी सोडी जाशी. म्हनीसन देवले मांगं, याले मॅट्रिकलोंग आठे टिकू दे. माले खोलीमा एकलं ऱ्हावाई जात नही."

"मी मॅट्रिकपर्यंत टिकावं म्हणून? अरे, पण मी तर केव्हाच गेलो."

"गया. पन मॅट्रिकलोंग टिकना ना? देवनी त्यानं काम करं. मंग मी मन्हं कसं सोडू?"

म्हणजे वर्षभर हा त्या खोलीत एकटाच जमिनीवर निजला होता, आणि तेही मी निघून गेल्यावर. मला फार वाईट वाटलं. वक्तृत्व मंडळाचा मी चिटणीस होतो, पण हे वक्तृत्वाचं काम नव्हतं. मी कोट काढून कठड्यावर ठेवला आणि दोराला हात घातला.

बापूने माझ्याकडे संशयाने पाहिलं. "कितला वरीसनं?"

"आजनाच दिन," मी म्हणालो. त्याच्याशी खोटं बोलायचा धीर झाला नाही.

वर्षाखालचं काम त्याने आजवर कधी मोजलं नव्हतं.

"चाली," तो म्हणाला, आणि दोर धरायला मला जागा करून दिली.