कोण कोणाच्या खाली ठेवावे, या तंट्याची बखर

श्री वाळवीनिवारक गजानन प्रसन्न. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरे, फाल्गुन मासी, पत्रे तापू लागले ते समयी, एक राज्य होते. राज्य म्हणजे गावचे वस्तुसंग्रहालय. दर्शनी दालन एक, पंखा एक, आणि मागे जुन्या वस्तूंची कोठी. कोठीच्या सुभेदार वैजयंतीबाई गुळवणी, थोर धीराच्या. त्या राज्याची रीत ऐसी की, गावकऱ्याने वस्तू दिधली तर नाही म्हणो नये, आणि एका घराण्याची वस्तू दुसऱ्या घराण्याचे वस्तूखाली ठेवो नये. ठेविल्यास सात पिढ्यांचा अपमान. ऐसी रीत असता लोखंडी मांडण्या आल्या त्या कोऱ्याच राहिल्या, कारण वरल्या फळीस सर्व राजी, खालचीस कोणी नाही. मग अवघ्या वस्तू जमिनीवर एकीस एक लागोन निजल्या, आणि जमीन सरली तेव्हा तलवारी संडासात ठेविल्या, आणि बाई नैसर्गिक विधीस घरी जाऊ लागल्या.

तों जिल्ह्याहून हुकूम आला जे, तपासनीस नाडगौडा साहेबांची स्वारी येत आहे, कोठीत जमिनीवर एकही वस्तू दिसो नये, दिसल्यास अवघा संग्रह जिल्ह्याचे गुदामी नेऊ आणि राज्यास कुलूप घालू. बाईंचे पायांखालची जमीन सरकली म्हणावे, तर जमीन शिल्लकच नव्हती. मग बाईंनी घराण्यांस पाचारण केले. हसीनाबी तांबोळी आल्या, ज्यांचे पानदान. बंडोपंत राजोपाध्ये आले, ज्यांचे घंगाळ. आणि तात्याबा थोरवे आले, ज्यांचे दगडी जाते. बाई नम्रपणे वदल्या, "भाभी, पानदान खालच्या फळीवर ठेवू का?"

"ठेवा की. वर काय येणार?"

"घंगाळ."

"या खुदा! राजोपाध्यांच्या आंघोळीचं पाणी आमच्या सासऱ्यांच्या विड्यात?"

बंडोपंत खवळोन बोलिले, "पाणी कुठलं! घंगाळ कोरडं ठणठणीत आहे. आमच्या आजोबांना आंघोळीचा तिटकारा होता."

मग बाईंनी मसलत योजिली आणि म्हणाल्या, "अहो, खाली असतो तोच खरा आधार. वरचे सगळे त्याच्या जिवावर." हे ऐकताच तात्याबा छाती काढोन उठले आणि गर्जले, "मग आमचं जातं तळाला!" "का म्हणून? आधार द्यायला आम्ही मेलो का?" ऐसे बंडोपंत वदले, आणि भाभींनी पानदान उचलोन आपल्या हाते जमिनीवर मांडिले, आणि फळ्या ओस त्या ओसच आणि जमीन गच्च ती गच्चच राहिली.

बाईंनी हताश होवोन वर पाहिले. वर तुळया होत्या. मग दोर आणविले आणि अवघे राज्य तुळयांस टांगिले, तलवारी, पानदान, घंगाळ आणि जातेही, सर्व एका उंचीस, खांद्याइतके. तात्याबांनी स्वहस्ते सुतळीने माप घेतले, कोणी बोटभर वर नाही, कोणी बोटभर खाली नाही. घराणी तृप्त जाहली.

नाडगौडा साहेब आले. कोठीत पाऊल ठेविता वाकावेच लागले, आणि मग वाकूनच चालिले. घराणी खिडकीतून पाहत होती.

"बघा, साहेब आमच्या पानदानाला लवले."

"लवले ते घंगाळाला! पानदानाला नुसते चुकवून गेले."

साहेबांनी वाकल्यावाकल्या पुसिले, "बाई, हा काय प्रकार आहे?"

"साहेब, जमिनीवर एकही वस्तू नाही."

साहेबांनी जमीन पाहिली. लख्ख होती. "पण असं टांगणं नियमात कुठं आहे?"

"टांगू नये, असं तरी कुठं आहे?" ऐसे बोलोन बाईंनी स्टूल पुढे केले. "बसा. शेरा इथं बसून लिहा, उजेड बरा आहे." साहेब बसले आणि त्यांनी वर पाहिले. वर जाते होते. दोर कुरकुरला. खिडकीतून तात्याबांनी आदराने हाळी दिली, "सावकाश लिहा साहेब, घाई नको. दोर जरा जुना आहे."

साहेबांनी 'समाधानकारक' इतकेच लिहिले, त्यातही शेवटचा क दारात उभे राहोन पुरा केला, आणि स्वारी जिल्ह्यास परतली.

एवंच, कुलूप टळले, संग्रह गावी राहिला, आणि कोणतेही घराणे कोणाखाली गेले नाही. एकटे नाडगौडा साहेब थोरव्यांचे जात्याखाली बसले. परंतु त्यांचे घराणे परगावचे, सबब त्याचा अपमान कोणी धरिला नाही.